ठोका कोणाचा?

पेटीची पट्टी आपण बोटाने दाबतो, तरी पेटी 'दाबली' असे कोणी म्हणत नाही. 'वाजवली' असेच म्हणतो. दाराची घंटी मात्र आपण दाबतो, आणि वाजते ती. भाषेने केलेला हा भेद वरवरचा नाही. पेटीवर भाता चालवणारा हात, पट्टीवर ठरणारे बोट आणि त्या क्षणी जन्मणारा स्वर यांचा धनी एकच असतो. त्या खोक्यात दुसरा कोणी दडलेला नसतो. आता या दोन क्रियापदांच्या मध्ये एक तिसरीच क्रिया येऊन बसली आहे. तिला अजून नाव नाही, आणि तिच्यामागे मला एक नैतिक प्रश्न उभा दिसतो.

गेल्या नवरात्रात आमच्या प्रताप नगरात देवीच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. संबळाचा नाद घुमत होता, पण मंचावर ना संबळ होते, ना गोंधळी. एक पंचविशीचा तरुण होता. त्याच्यापुढे लॅपटॉप आणि रबरी चौकोनांची एक पाटी. मध्यंतरात मी चौकशी केली, तेव्हा त्याने मोठ्या हौसेने सगळे समजावून दिले. प्रत्येक चौकोनाशी आवाजाची एक फाईल जोडलेली असते. बोट पडले की ती वाजू लागते. बोट उचलताच ती थांबावी, शेवटपर्यंत वाजावी, की फिरून फिरून येत राहावी, हे आधीच ठरवून ठेवता येते. फिरत्या ठेक्याच्या वेळी बोट थोडे आधी पडले तरी बिघडत नाही. यंत्र पुढच्या मात्रेपर्यंत थांबते आणि मगच ठेका सोडते.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच होती. चांगल्या संग्रहात एकच ठोका हलक्या, मध्यम आणि जोरकस हाताने वाजवून घेतलेला असतो. इतकेच नव्हे, तर एकाच जोराने तो अनेकदा वाजवून घेतात आणि यंत्र ते ठोके आळीपाळीने वापरते. कारण हुबेहूब तोच ठोका लागोपाठ ऐकू आला की कान फसत नाही. म्हणजे आपण जे विकत घेतो तो केवळ आवाज नव्हे. एका जिवंत हाताला जे दोनदा तंतोतंत सारखे करता येत नाही, ते आपण विकत घेतो. यंत्राला माणसातले हेच हवे असते.

"हे संबळ वाजवले कोणी?" मी विचारले.

त्याने फाईलचे नाव दाखवले. 'संबळ', आणि पुढे एक आकडा. "काका, ते कोणाला माहीत? संग्रहात आलं, मी घेतलं."

त्या तरुणाला दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. संग्रह त्याने पैसे मोजून घेतला होता, चौकोन कष्टाने लावले होते, आणि मंडळाच्या वर्गणीत जे बसले ते त्याने दिले. शिवाय कोणी म्हणेल, की त्या अज्ञात वादकालाही त्याच दिवशी मोबदला मिळाला असेल. गवंड्याचे नाव आपण घरावर कुठे कोरतो? हा आक्षेप पोकळ नाही. परंतु गवंड्याचे काम भिंत उभी राहिली तेव्हाच संपले. वादकाचे काम प्रत्येक बोटासरशी पुन्हा घडते, आणि घडते ते आत्ताच घडत असल्यासारखे. त्या रात्री टाळ्या पडल्या त्या संबळाच्या ठेक्याला. मजुरी चुकती झाली असेल. टाळी चुकती झाली नव्हती. मजुरी श्रमाची असते आणि टाळी माणसाची.

१९०२ साली कलकत्त्यात गोहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना चिठ्ठीवर कोणाचे नाव छापायचे ते कळावे, म्हणून गाणे संपताच ती स्वतःचे नाव उच्चारी. सोय व्यवहाराची होती. पण त्यामुळे नाव नादातच कोरले गेले.

याच्या उलट घडले ग्रेगरी कोलमन या अमेरिकन ढोलवादकाच्या बाबतीत. 'द विन्स्टन्स' या चमूच्या १९६९ सालच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यातला त्याचा चार आवर्तनांचा, सहा-सात सेकंदांचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत कापून जोडला गेला. त्यातला एक पैसाही त्याला मिळाला नाही. २००६ साली तो बेघर अवस्थेत वारला. २०१५ मध्ये चाहत्यांनी सुमारे २४ हजार पौंड जमवून चमूचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला दिले. तबकडीवर चमूचे नाव होते, म्हणून निदान ऋणाला पत्ता तरी सापडला. ढोलवादकापुरता तो उशिरा सापडला. 'संबळ' आणि एक आकडा, या नावाचा पत्ता कोण शोधणार?

आपल्या कायद्यालाही हे सुचले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे हा कलावंताचा हक्क मान्य केला. मात्र वापराच्या स्वरूपामुळेच नाव गाळावे लागत असेल, तर तेवढी सूट ठेवली. अर्ध्या सेकंदाच्या ठोक्यापाशी नाव कसे सांगणार? कायदा येथे हात टेकतो ते समजण्यासारखे आहे. कायदा जिथे थांबतो तिथून सौजन्याने पुढे जायचे असते.

आणि ते फार अवघडही नाही. मुद्रण करणाऱ्याने फाईलच्या नावात आकड्याआधी वादकाचे नाव घालावे. चौकोन लावणाऱ्याने ते पुसू नये. निवेदकाने गायकांची, ध्वनिव्यवस्थेची आणि वर्गणीदारांची नावे घेता घेता आणखी एक वाक्य बोलावे, की आपण ऐकलेले संबळ अमक्याने वाजवलेले आहे. नाव ठाऊक नसेल तर 'एका अनाम वादकाने' एवढे तरी म्हणावे. त्याने कोणाचे पोट भरणार नाही, हे खरे. पण कोणीतरी वाजवले होते एवढे सभेला कळेल, आणि ज्याला वादक बोलावणे परवडते तो कदाचित पुढच्या वर्षी बोलावील.

गोंधळात गोंधळी तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, कोल्हापूरच्या अंबाबाईला गावासकट नाव घेऊन बोलावतो. नावाने हाक मारल्याशिवाय देवही येत नाही, अशी ज्या विधीची श्रद्धा, त्याचाच ठेका आपण आकडा दाबून बोलावतो. तो येतोही, तक्रार न करता. म्हणूनच त्याची विचारपूस करण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यांवर अधिक येते.