कोनचे तुमी?

हा प्रश्न ज्याला जन्मात कुणी विचारला नाही, त्यानं हा लेख नाही वाचला तरी चालेल. वाचलाच तर वाईट वाटून घेऊ नये.

आमच्या वऱ्हाडात 'कोनचे तुमी?' याचा अर्थ गाव कोणतं असा होत नाही. गाव पुसायचं असलं तर माणूस 'कोन्या गावचे?' म्हणतो. नुसतं 'कोनचे?' आलं की पोटात गोळा येतो. आपण पाणी मागितलेलं असतं, समोरच्यानं तांब्या उचललेला असतो, आणि तो तांब्या मधेच थांबतो. उत्तरावर ठरतं की तांब्या हातात येणार, का वरून ओंजळीत धार येणार, का आलाच नव्हता असा माघारी जाणार. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या ओंजळीला ठाऊक आहे.

चांगुलपणा म्हणजे काय यावर मोठमोठ्यांनी लिहून ठेवलंय. माझा प्रश्न लहान आहे. अनोळखी माणसानं आपल्यावर माया केली, आणि आपण कोण हे त्याला ठाऊकच नव्हतं, तर ती माया आपल्यावर झाली का? का आपल्या जागी त्यानं ज्या कुणाला धरलं होतं, त्याच्यावर झाली? चाळीस वर्षं झाली, हा प्रश्न काही मरत नाही. तो कुठून आला ते आधी सांगतो.

१९८२ चा डिसेंबर. आम्ही चौघे दोस्त रिठदचे. तेव्हा आमचा जिल्हा अकोला, वाशीम जिल्हा १९९८ ला झाला. एकजण टेलर. एकजण मास्तर होऊ घातलेला, म्हणून त्याला आधीपासूनच मास्तर म्हणायचो. एकजण रोजगार हमीवर खडी फोडणारा. आणि मी. सहा तारखेला चैत्यभूमीवर डोकं टेकवायचं आणि लगे हात दोन दिवस मुंबई पाह्यची, असा बेत. चौघांत मिळून एकशे दहा रुपये. जुन्या लुगड्याच्या फडक्यात भाकरी, ठेचा, जवसाची चटणी. वाशीमहून छोट्या लाईनची गाडी, अकोल्याहून मोठी. तिकिटाचं विचारू नका.

सहा तारखेचं मी लांबवत नाही. दादरला उतरल्यापासून ज्यानं त्यानं हातात काही ना काही ठेवलं. कुणी पुरीभाजी, कुणी केळं, कुणी पाण्याचा ग्लास. शिवाजी पार्कात उघड्यावर पोटभर झोपलो. देणारे अनोळखीच होते, पण अनोळखी नव्हते. तिथं कुणी 'कोनचे' पुसत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. घरच्या पंगतीत वाढणाऱ्याचे कुणी आभार मानतं का? मी त्या दिवशी आठ आण्याला बाबासाहेबांचा बिल्ला घेतला आणि छातीवर लावला. छाती दोन बोटं वर आली, खोटं कशाला बोलू.

सात तारखेला मांडव उठले, माणसं पांगली, आणि आम्ही एकाएकी नुसते चार भणंग खेडवळ झालो. राजगृह बाहेरून पाह्यलं. फोर्टात सिद्धार्थ कॉलेजच्या पायरीवर टेलरनं चप्पल हातात घेऊन पाय ठेवला. राणीच्या बागेत हत्ती पाह्यला. लोकलच्या गर्दीत पैशाची पुरचुंडी गेली. कुणी मारली का पडली, कुणास ठाऊक. दिवस मावळता मावळता मास्तरला ताप भरला, उलट्या झाल्या. परळच्या अंगाला एका चाळीखाली बंद दुकानाच्या फळीवर त्याला निजवला आणि तिघे उकिडवे बसून राह्यलो.

गिरणगाव तेव्हा मढ्यासारखं पडलेलं. १८ जानेवारीपासून संप. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. भोंगा नाही, चिमणीला धूर नाही. चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं कोकणात माघारी गेलेली. हे सगळं आम्ही पेपरात वाचलं होतं, पण पेपरातला संप वेगळा आणि अंधारात गप्प उभी असलेली चाळ वेगळी.

वरच्या गॅलरीतून एका बाईचा आवाज आला, "खंयचे रे पोरांनो?"

चौघांच्या काळजात धस्स झालं. मालवणी आमच्या कानाला नवी. आम्हाला तो 'कोनचे?'च ऐकू आला. खडीवाल्यानं माझ्याकडं पाह्यलं. मला काही सुचेना. मी म्हणालो, "रिठद. वाशीमजवळ."

"लांबसून इलास," बाई म्हणाली. "वर येवा. त्याका ताप आसा ना?"

बस्स. पुढचा प्रश्नच नाही. आमच्या भागात नुसतं रिठद म्हणून भागत नाही. रिठद म्हटलं की पुसतात, गावातले का पुऱ्यातले? मग बापाचं नाव, मग आडनाव, मग मान हलवणं. त्या बाईनं रिठद उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तिच्या लेखी ते एक लांबचं गाव, तिथून आलेली चार पोरं. गावाचं नाव माझ्या बाजूनं पुरं पडलं असं ते पहिल्यांदाच.

आणि आता जे सांगायचं ते सांगतो. जिना चढताना मी छातीवरचा बिल्ला काढला आणि खिशात टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला.

घर म्हणजे एक खोली. बाईनं डब्यातून तांदूळ काढले. डब्याच्या बुडाला वाटी खरवडल्याचा आवाज अजून कानात आहे, ज्याच्या घरी तो होतो त्याला तो ओळखू येतो. पेज केली. तव्यावर सुक्या बोंबलाचे तुकडे भाजले. खालच्या बिऱ्हाडातून अ‍ॅस्प्रोची गोळी मागून आणून मास्तरला दिली. दहा महिने ज्या घरात पगार नाही, त्या घरानं चार परक्या पोरांना वाढलं. नवरा भिंतीला टेकून बसलेला. साचेवाला होता. एवढंच बोलला, "खावा. उद्याचा उद्या."

साचेवाला म्हणजे विणकाम खात्यातला. हे खातं आपल्याला नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातून सूत ओढायला कामगार तोंड लावत, आणि आपल्या तोंडाचा धोटा त्यांच्या तोंडाला कसा चालणार? विणकामाला पगार जास्त, म्हणून तोंडाचा विटाळही जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न भर सभेत उघडा केला होता. एका संपात, एका झेंड्याखाली, आणि धोटा मात्र वेगळा. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या साचेवाल्याच्या घरातल्या पेल्याला मी तोंड लावलं तेव्हा तेच डोक्यात होतं. पेज गरम होती. घशाखाली उतरत नव्हती आणि थांबतही नव्हती.

रात्री गॅलरीत गोधड्या टाकून निजलो. सकाळी मास्तरचा ताप उतरला. उठून बसला, तोंड धुतलं, आणि आमच्यापैकी कुणाला न पुसता बाईजवळ जाऊन म्हणाला, "मावशी, आमी बौद्ध आहो."

बाई भांडी गोळा करत होती. तिनं वरही पाह्यलं नाही. म्हणाली, "मी इचारलंय तुमका?"

आणि भांडी घेऊन नळावर गेली.

आता सांगा, ती काय म्हणाली?

चाळीस वर्षं आम्ही यावर भांडतोय. मास्तर म्हणतो, याहून मोठं माणूस बोलूच शकत नाही. आनंद भिक्खूनं विहिरीवर प्रकृतीकडं पाणी मागितलं, ती म्हणाली मी चांडाळीण, तर आनंद म्हणाला की मी पाणी मागितलं, जात नाही. मावशी तेच बोलली, फक्त देणारी ती आणि घेणारे आपण. टेलर म्हणायचा, भोळा आहेस. 'मी विचारलंय का' म्हणजे 'कशाला सांगितलंस बाबा, न सांगता गेला असतास तर बरं झालं असतं'. टेलरचं म्हणणं, तिनं आमचे पेले दोनदा राखेनं घासले. खडीवाला म्हणायचा, ती सगळीच भांडी दोनदा घासत होती. मी काही सांगू शकत नाही. मी मान खाली घालून खिशातला बिल्ला चाचपत होतो.

त्या वेळी आम्हाला ठाऊक नव्हतं, पण हे भांडण बाबासाहेबांनी लहानपणीच भोगलं होतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणी पुस्तकरूपानं निघाल्या १९९० ला. १९०१ साली सुट्टीत भाऊ आणि भाचे यांच्यासोबत वडलांकडं निघालेलं पोर मसूर स्टेशनावर उतरतं. न्यायला कुणी आलेलं नाही. कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशनमास्तर मायेनं चौकशी करतो. मग पुसतो, तुम्ही कोण? पोर बोलून जातं, महार. त्याचा चेहरा बदलतो, तो आपल्या खोलीत निघून जातो. लोक इथवर सांगतात आणि थांबतात. पण पुढं वाचा. अर्ध्या तासानं तो परत येतो. गाडीवाले तयार नाहीत, तर दुप्पट भाडं, पोरांनी गाडी हाकायची आणि गाडीवाल्यानं पायी चालायचं, असा तोडगा तोच काढून देतो. म्हणजे त्याची माया आटली नव्हती. ती एका हाताच्या अंतरावर जाऊन उभी राह्यली होती. आणि पुढं रात्री टोलनाक्यावर पाणी मिळावं म्हणून त्याच पोराला आपण मुसलमान असल्याचं सांगावं लागतं. तरी पाणी मिळत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझ्या खिशातला बिल्ला आणि ते उत्तर, यांत फरक किती? तो नऊ-दहा वर्षांचा होता, एवढा फरक तर आहेच.

कुणी म्हणेल, दयेचं कशाला धरून बसलास, हक्काचं बोल. बोलतो. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेब कुणाच्या दयेसाठी गेले नव्हते. कांट नावाच्या जर्मन माणसानं १७९५ मध्येच लिहून ठेवलं की परक्याला शत्रूसारखं न वागवणं हा दानधर्म नाही, त्या परक्याचा हक्क आहे. आपल्या घटनेचं १५ वं कलम दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, रस्ता सगळं आपल्याला मोकळं करतं. पण ते उंबरठ्याशी थांबतं. त्या खोलीतल्या पेजेवर आमचा कोणत्या कलमानं हक्क होता? आजारी पोर फळीवर निजलेलं पाहून खिडकी लावून घेतली असती, तर त्या बाईवर कोणता खटला झाला असता? कायदा जिथं संपतो तिथून पुढं माणूस उरतो, आणि त्या उरलेल्या माणसाचा भरवसा कसा धरायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. बिल्ला काढला तेव्हा मी तिला फसवलं, असं मास्तर म्हणतो. मी म्हणतो, मी तिला तिचं मोठेपण दाखवायची संधीच दिली नाही. किंवा तिचा लहानपणा पाहण्यापासून स्वतःला वाचवलं. यातलं खरं कोणतं, ते त्या त्या दिवसावर असतं.

आणखी एक आहे. हे मास्तरलाही मी बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

मुंबईहून आल्यावर दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा. आमच्या पुऱ्यातल्या हापशीवर भर दुपारी एक जोडपं आलं. बाईच्या कडेला लेकरू, तापानं डोळे झाकलेलं. चालत आलेले, पायांवर फुफाटा. हापशीचा दांडा मोडलेला होता, म्हणून ती बाई आमच्या ओट्याखाली येऊन उभी राह्यली. "पानी द्या माय," असं आतल्या दिशेनं म्हणाली. आईच्या आधी मी उठलो. रांजणातून तांब्या भरला, दारात आलो. तांब्या हातात, हात अर्धा पुढं.

आणि माझ्या तोंडून आलं, "कोनचे तुमी?"

त्या सुमाराला गावात चोऱ्या झाल्या होत्या, लोक पारध्यांचं नाव घेत होते. इंग्रजांनी कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलेले हे लोक. तो कायदा १९५२ साली गेला, पण आमच्या पुऱ्यातून गेला नव्हता. हे कारण झालं. पण मी पुसलं तेव्हा चोरीबिरी काही डोक्यात नव्हती. तोंडाला सवय होती. जो प्रश्न आयुष्यभर कानानं घेतला, तो जिभेवर कधी येऊन बसला, कळलं नाही.

बाईनं नवऱ्याकडं पाह्यलं. खडीवाल्यानं माझ्याकडं पाह्यलं होतं, तसंच. मग तिनं एक जात सांगितली. ती खरी नव्हती. गळ्यातलं काहीतरी तिनं पदराखाली सारलं, तेवढं मला दिसलं.

मी तांब्या दिला. लेकराला आधी पाजलं, मग ती प्याली, मग तो. तिनं तांब्या मातीनं घासून, विसळून ओट्यावर पालथा घातला. मी सांगितलं नव्हतं.

टेलर आणि खडीवाला आता नाहीत. मास्तर रिटायर झाला, अजूनही दर सहा डिसेंबरला जातो. ती चाळ पडली, तिथं टॉवर झालाय म्हणतो. खाली वाचमन नाव-गाव-आडनाव लिहून घेतो. परवा गावी आला तेव्हा मी त्याला ही हापशीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तो तांब्या तू परत घासला का रे?"