रिपोर्ट नॉर्मल, तरीही आजारी

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त कोण, हे ठरवताना भाष्यकार वात्स्यायनाने मोठे मन दाखवले. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आणि जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. कोविड होऊन गेल्यावर महिनोन् महिने ज्याला बरे वाटत नाही, त्याचा प्रश्न माझ्या मते आधी प्रमाणाचा आहे आणि मग औषधाचा. साथीच्या काळात रोजच्या आकडेवारीत तीन रकाने असत: उपचाराधीन, बरे झालेले, मृत. बरा झाला म्हणून नोंदला गेलेला, पण विरार लोकलमध्ये उभे राहण्याची ताकद न उरलेला माणूस यांपैकी कुठे बसवायचा? एक्स-रे स्वच्छ, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल. पुरावा म्हणून त्याच्याजवळ उरते ते फक्त त्याचे बोलणे.

आणि या आजारात ते बोलणेच खरे निघाले आहे. ‘लाँग कोविड’ हे नाव मे 2020 मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ स्त्रीने, स्वतः आजारी असताना, दिले. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ऑक्टोबर 2021 मध्ये. संघटनेच्या अंदाजाने कोविड झालेल्या दर 100 जणांत साधारण 6 जणांना हा त्रास होतो. थोडे श्रम केले की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते, असे रुग्ण पहिल्यापासून सांगत होते. त्यांना सल्ला मिळे तो चालायला जाण्याचा. 2024 च्या आरंभी ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी 25 रुग्णांना सायकल चालवायला लावून, आधी आणि नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. श्रमानंतर स्नायूंची हानी आणि पेशींच्या ऊर्जानिर्मितीतला बिघाड वाढलेला दिसला.

माणूस स्वतःबद्दलही चुकू शकतो, काळजीनेही थकवा येतो, हा आक्षेप रास्त आहे. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग तपासलेच पाहिजेत. दुसरे कारण सापडले नाही तरच हे निदान करावे, असे व्याख्याच सांगते. पण ज्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी पाठवले, त्याचा क्षयही नजरेतून सुटतो. औषधच नाही तर नाव देऊन काय उपयोग, असेही विचारले जाते. खात्रीचे औषध अजून नाही, हे खरे. पॅक्सलोविड या कोविडवरील औषधाचा 15 दिवसांचा कोर्स स्टॅनफर्डच्या चाचणीत उपयोगी ठरला नाही. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका चाचणीत मात्र, संसर्गाच्या सुरुवातीलाच मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दिलेल्यांत पुढे लाँग कोविडचे निदान सुमारे 41 टक्क्यांनी कमी झाले. ती चाचणी जादा वजनाच्या लोकांपुरती होती, आणि ही गोळी कुणी मनाने घेऊ नये. पण ज्यांची नोंदच नाही, त्यांच्यासाठी अशी चाचणी आपल्याकडे कोण करणार?

उरतो श्रद्धेचा आक्षेप: भोग आहेत, सोसावेत. हा धर्माचा आवाज आहे असे मी मानत नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ज्या बायबलचा मराठी अनुवाद केला, त्यात शिष्य जन्मांधाकडे पाहून पाप कुणाचे असे विचारतात. येशू म्हणतो, याचेही नाही, आईबापांचेही नाही, आणि त्याला दृष्टी देतो. नालासोपाऱ्यात ज्याच्या नावाचा स्तूप आहे त्या बुद्धानेही, बाण कुणी मारला हे विचारत बसू नका, आधी तो काढा, असे सांगितले. घरात कुणी अजून ‘बरे वाटत नाही’ म्हणत असेल, तर त्याला नवसासाठीही विरारच्या डोंगरावरील जीवदानी देवीच्या पायऱ्या चढायला लावू नका. त्याचा त्रास तारखेनिशी लिहा आणि तो कागद घेऊन त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.