एकाच आवारातला भाव

साखर कारखान्यातून मोलॅसिस पाइपाने शेजारच्या डिस्टिलरीच्या टाकीत जाते. मालक एक, आवार एक, पैसे कुणी कुणाला देत नाही. तरीही हिशेबाच्या सॉफ्टवेअरला त्या प्रत्येक टनाचा दर लागतो. आणायचा कुठून?

सॉफ्टवेअर बसवायला आलेला माणूस हेच विचारतो, "नियम काय ठेवू?" सहसा तीन वाटा असतात : उत्पादनखर्च, खर्चावर ठरावीक टक्के, किंवा बाजारभाव. अकाउंटंटला पहिली वाट बिनधोक वाटते. पण मोलॅसिसचा खर्च म्हणजे नेमके काय? ऊस गाळला साखरेसाठी. त्यातूनच बगॅस निघाले, मोलॅसिसही निघाले. तोडणी-वाहतुकीत मोलॅसिसचा वाटा किती, हे कुठलेच मीटर सांगत नाही. वाटणी आपणच करतो आणि तिला खर्च म्हणतो. त्यावर दहा टक्के चढवले, तरी पाया तोच.

त्यापेक्षा बाजारभाव बरा. मोलॅसिस निविदा काढून बाहेरही विकले जाते. पण बाजारभाव कुठल्या महिन्याचा? वाहतूक धरून की वगळून? आणि साखर शेवटपर्यंत काढून उरलेल्या सी-हेवी मोलॅसिसचा, की त्याआधीच्या टप्प्यावर बाजूला काढलेल्या बी-हेवीचा? बी-हेवीत साखर जास्त राहिलेली असते. दोन्हींना एकच दर लावला, तर साखर विभाग ती साखर डिस्टिलरीला फुकट देऊन बसतो. म्हणून दोन्हींचे कोड वेगळे हवेत. जिथे सॉफ्टवेअर वरून खाली वाचत पहिल्या जुळणाऱ्या नियमापाशी थांबते, तिथे सरसकट नियम वर राहिला की बी-हेवीच्या नियमाची पाळीच येत नाही. नियम सापडला नाही तर नोंद अडली पाहिजे. शून्य दराने ती पुढे गेली, तर चूक कळतही नाही, कारण ताळेबंद तरीही जुळतो.

दोन्ही विभागांची बेरीज केली की हा दर निघूनच जातो, मग एवढा घोळ कशाला? उसवाल्यासाठी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवलेल्या सूत्रात साखर आणि मुख्य उपपदार्थांच्या मूल्याचा ७० टक्के वाटा उसाचा आहे. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने २०१३ मध्ये कायदा केला. त्या हिशेबात मोलॅसिस येते, पुढे त्याचे झालेले इथेनॉल येत नाही. आता गणित मांडू. एक लाख टन उसातून, चार टक्के धरले तर, चार हजार टन सी-हेवी मोलॅसिस निघते. अंतर्गत दर टनामागे हजार रुपयांनी कमी धरला, की ४० लाख रुपये साखरेच्या खात्यातून डिस्टिलरीच्या खात्यात जातात. उसाच्या टनामागे ४० रुपये, त्यातले शेतकऱ्याचे २८. (सूत्राचा आकडा केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदराच्या, म्हणजे एफआरपीच्या, वर गेला तरच हा फरक हाती येतो, हेही खरे.)

तुम्ही कारखान्याचे सभासद असाल, तर यंदाच्या वार्षिक सभेत एवढेच विचारा : डिस्टिलरीला मोलॅसिस कोणत्या दराने दिले, आणि त्याच महिन्यात बाहेर कोणत्या दराने विकले?