शेपटी नसलेला पाहुणा

भाची : मामा, ऑक्टोबर २०१७ मध्ये हवाईतल्या दुर्बिणीला ओमुआमुआ दिसला. परक्या ताऱ्याकडून आलेला खडक म्हणावा तसा, धूमकेतूसारखी शेपटी नसलेला. तरी सूर्यापासून दूर जाताना त्याला जास्तीचा रेटा मिळत होता. हार्वर्डच्या आवी लोब यांनी म्हटलं, उजेडाच्या दाबाने ढकललं जाणारं, मिलिमीटरहून पातळ असं कुणीतरी घडवलेलं शीड असू शकेल. एवढं चिडायचं काय त्यात?

मामा : त्यावर कोण चिडलं? लोब आणि त्यांचे सहकारी बियाली यांचा लेख २०१८ मध्ये रीतसर छापून आला की. पुढे पुस्तक आलं, मुलाखती झाल्या, आणि ‘असू शकेल’ मागे पडत गेलं.

भाची : बाकीच्यांनी तरी काय केलं? कुणी हायड्रोजनचा बर्फ म्हणालं, कुणी प्लूटोसारख्या ग्रहावरून उडालेला नायट्रोजनचा टवका. तेही कुणी पाहिलेलं नाही. त्यांना कुणी हसलं नाही.

(मामा जरा गप्प झाला. मुद्दा बिनतोड होता; विज्ञानातही काही कल्पनांना पुढची खुर्ची मिळते.)

मामा : पण टवक्याचा हिशेब मागता येतो. एवढे टवके उडायला ताऱ्यांभोवती किती माल लागेल? तो पुरणार नाही, असं दाखवणाऱ्यांत खुद्द लोबच होते! शिडाकडे असा हिशेब कसा मागायचा? ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीने कान लावला, काही ऐकू आलं नाही. तर म्हणायचं, यान बंद पडलेलं असेल.

भाची : केंब्रिजला १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना ठेक्यात येणारे रेडिओ स्पंद सापडले, तेव्हा त्यांनीही गमतीने ‘हिरवी माणसं’, म्हणजे परग्रहवासी, म्हटलंच होतं.

मामा : आणि आकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात तसाच स्रोत सापडल्यावर ती माणसं सोडून दिली. २०२५ चा, तसाच परक्या ताऱ्याकडून आलेला थ्री-आय ॲटलस बघ. सरळसरळ धूमकेतूचं रूप, जेम्स वेब दुर्बिणीला भोवती भरपूर कार्बन डायऑक्साइड दिसला. तरी लोब यांची यानाची शंका आहेच. शेपटी नाही म्हणून यान, आहे तरी यान. मग काय दिसलं की ‘यान नाही’ म्हणायचं, हे आधी सांगायला नको?

भाची : तू संपादक असतास तर?

मामा : २०१८ चा लेख छापला असता. ॲटलसवरचा, ही कसोटी लिहून आणेपर्यंत साभार परत.

भाची : आणि तुझ्या शेजारच्या वर्तमानपत्राने तो पहिल्या पानावर घेतला असता.

मामा : घेतला असता. आणि तो अंक मीही विकत आणला असता.