ताणाचा ठावठिकाणा

चिंता, शोक, भय, क्रोध, अस्वस्थ शय्या आणि जागरण यांनी ग्रासलेल्या मनुष्याने पथ्याचे अन्न बेताने घेतले तरी ते पचत नाही, असा निर्वाळा चरकसंहितेच्या विमानस्थानात दिलेला आहे. आणि घरातील दुखण्याच्या किंवा कोर्टकज्जाच्या दिवसांत जो वाढलेल्या ताटावरून घास न घेता उठला आहे, त्याला तो पटवून देण्याची गरज नाही. परंतु अनुभवाला एखादी गोष्ट ठाऊक असणे निराळे आणि शास्त्राने तिचा छडा लावणे निराळे. मनावरचा हा भार नेमका वसतो कोठे, शरीरात की प्रसंगात, मनात की मनुष्याच्या समाजातील स्थानात, या प्रश्नाची उत्तरे गेल्या सव्वाशे वर्षांत वारंवार बदलत गेली. आणि या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, उत्तर बदलले की इलाज तर बदलतोच, पण तो करण्याची जबाबदारी कोणाच्या शिरावर टाकावयाची हेही त्याबरोबर बदलते.

क्ष-किरणांचा शोध लागून दोन वर्षेही झाली नव्हती, तोच हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयातील वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने बिस्मथ मिसळलेले अन्न मांजरांना खाऊ घालून त्यांच्या जठराची हालचाल या किरणांच्या साहाय्याने पाहण्यास आरंभ केला. मांजर बिथरले की जठराचे आकुंचन-प्रसरण थांबे आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होई. चरकाने जे सूत्ररूपाने सांगितले होते ते येथे डोळ्यांना दिसले. पुढे कॅननने अधिवृक्क ग्रंथींच्या स्रावाचा अभ्यास हाती घेतला आणि १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, भय आणि क्रोध यांच्या वेळी शरीरात जे जे घडते, म्हणजे हृदयाची गती वाढते, यकृतातील साखर रक्तात उतरते, पचन तहकूब होते आणि रक्त स्नायूंकडे धावते, ते सारे झुंज घेण्याची किंवा पळ काढण्याची तयारी असते. शरीराच्या अंतर्गत वातावरणाची स्थिरता हीच स्वतंत्र जीवनाची अट होय, हा क्लोद बेर्नारचा विचार त्याने पुढे नेला आणि या स्वयंनियमनाला शरीराचे शहाणपण मानले. या शहाणपणाची मर्यादाही त्याच्याच नोंदींत दडलेली आहे. फुटबॉलच्या अटीतटीच्या सामन्यानंतर त्याने खेळाडूंची लघवी तपासली, तेव्हा मैदानात उतरलेल्यांपैकी अनेकांच्या लघवीत साखर आढळलीच, पण जे राखीव म्हणून कडेला नुसते बसून होते त्यांच्यापैकी काहींच्याही आढळली. झुंजीची सारी सामग्री शरीराने सिद्ध करावी आणि झुंजण्याचा हुकूम मात्र कधी येऊच नये, ही अवस्था पुढच्या काळातील कोट्यवधी नोकरदारांच्या वाट्याला यावयाची होती.

कॅननचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधील खंदकांतून परतणाऱ्या सैनिकांच्या एका विलक्षण व्याधीचे वर्णन चार्ल्स मायर्स याने 'लॅन्सेट' या नियतकालिकात केले. जखम नसताना कोणाची दृष्टी जाई, कोणाची वाचा, कोणाची स्मृती. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्थेला इजा होत असावी, असा प्रथम समज होता. पण स्फोटाच्या जवळपासही नसलेले सैनिक त्याच लक्षणांनी येऊ लागले, तेव्हा तो टिकेना. मग लष्करी अधिकाऱ्यांनी दुसरे स्पष्टीकरण पुढे केले: हा भित्रेपणा आहे. व्याधीचे स्थान शरीरात सापडले नाही की ते चारित्र्यात आहे असे ठरविण्याची ही रीत त्या युद्धाबरोबर संपली, असे मात्र म्हणता येत नाही.

या पार्श्वभूमीवर एडिंबरानजीकच्या क्रेगलॉकहार्ट येथील इस्पितळात काम करणाऱ्या डॉ. रिव्हर्स यांची मूर्ती मला फार मोठी वाटते. हे तेच रिव्हर्स, ज्यांनी १९०१-०२ मध्ये निलगिरीत तोडा लोकांत राहून त्यांच्यावर एक मोलाचा ग्रंथ लिहिला. 'विसरून जा, दुसरीकडे मन गुंतवा' हा उपदेश त्या काळी सर्वत्र दिला जात होता. आणि असा उपदेश मिळालेले रुग्ण दिवसा आठवणी दडपतात व रात्री भयानक स्वप्नांनी किंचाळत उठतात, हे रिव्हर्स यांनी पाहिले. त्यांनी रुग्णाला त्या आठवणींकडे वळावयास, त्या बोलून दाखवावयास आणि त्यांत सहन करण्याजोगे असे काही शोधावयास शिकविले. मात्र जेथे असे काही सापडतच नाही, इतके भीषणही काही प्रसंग असतात, हे मान्य करण्याचा प्रामाणिकपणाही त्यांच्या ठायी होता. त्यांच्यापुढचे खरे कोडे वैद्यकाच्या पलीकडचे होते. युद्ध चालू ठेवण्याविरुद्ध जाहीर निषेध नोंदविणारा कवी सिगफ्रिड ससून १९१७ साली त्यांच्याकडे रुग्ण म्हणून पाठविण्यात आला. रुग्ण बरा करावयाचा, तो ज्या खंदकाने त्याला मोडले त्याच खंदकात परत धाडण्यासाठी, हे त्या इस्पितळाचे प्रयोजन होते. माणूस दुरुस्त करावा आणि परिस्थितीला हात लावू नये, हा करार न्याय्य आहे काय, हा प्रश्न ताणाच्या चिकित्सेत येथे प्रथम एवढ्या उघडपणे उभा राहिला.

यानंतर जो मनुष्य आला त्याने या विषयाला जगभर नाव मिळवून दिले. व्हिएन्नात जन्मलेले, प्रागमध्ये वैद्यक शिकलेले आणि माँट्रियलमध्ये स्थायिक झालेले हान्स सेली हे उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचून एका नव्या अंतःस्रावाचा शोध घेत होते. अर्क कोणताही असो, परिणाम तोच: अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. फॉर्मालिन टोचले, थंडीत ठेवले, दमेपर्यंत धावविले, तरी तेच. अपेक्षित स्राव सापडला नाही. पण विद्यार्थिदशेत प्रागच्या रुग्णालयात निरनिराळ्या रोगांचे रुग्ण एकसारखेच आजारी दिसतात, हे जे त्यांच्या मनात घर करून राहिले होते, त्याचा अर्थ त्यांना येथे लागला. १९३६ च्या जुलैत 'नेचर'मध्ये आलेल्या त्यांच्या छोट्याशा टिपणाने असे मांडले की, कोणत्याही आघाताला शरीराचा एक समान प्रतिसाद असतो: आधी धोक्याची जाग, मग प्रतिकार आणि अखेरीस शक्तिक्षय.

कल्पना भव्य होती आणि तिची भव्यता हीच तिची दुर्बलता ठरली. ज्यात थंडी, उपासमार, विषप्रयोग आणि पुत्रशोक हे सारे एकाच सदरात नोंदले जातात, त्या दफ्तरात शोकाचे शोकपण हरवते. जॉन मेसन या संशोधकाने माकडांवर प्रयोग करून दाखविले की, उपाशी माकडांना पोषणशून्य पण चवदार गोळ्या दिल्या, आपल्याला डावलले जात आहे ही भावना त्यांना होऊ दिली नाही, तर उपासमार असूनही त्यांच्या स्रावांत ती अपेक्षित वाढ होत नाही. म्हणजे ज्याला सेली शरीराचा सार्वत्रिक प्रतिसाद म्हणत होते, त्यात मनाचा वाटा आधीपासूनच मिसळलेला होता.

सेली यांच्याविषयीची दुसरी गोष्ट लिहिताना मला खेद होतो, पण ती वगळणे गैर होईल. तंबाखूच्या कंपन्यांकडून त्यांनी संशोधनासाठी पैसा घेतला होता, हे त्या कंपन्यांची कागदपत्रे पुढे उघड झाल्यावर जगाला कळले. आणि १९६९ साली कॅनडाच्या संसदेच्या समितीपुढे त्यांनी दिलेली साक्ष धूम्रपानाविरुद्धच्या निर्बंधांना प्रतिकूल होती. कंपन्यांचे स्वारस्य समजण्याजोगे आहे. हृदयविकाराचे मूळ माणसाच्या धकाधकीच्या आयुष्यात आहे असे ठरले, तर सिगारेट निर्दोष सुटते, किंबहुना विसाव्याचे साधन म्हणून मिरवू शकते. उलट बाजूचीही एक शिकवण आहे: पिढ्यान्‌पिढ्या काळजीच्या माथी मारलेल्या जठरव्रणांमागे बहुतांशी एक जिवाणू असतो, असे ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल यांनी सिद्ध केले, आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ताण हे कारण म्हणून इतके सोयीचे असते की, ते पुढे आले की इतर कारणांची चौकशी थांबते.

ताणाचे स्थान मनात आहे, हा पक्ष सर्वांत समर्थपणे मांडला तो कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या रिचर्ड लॅझरस यांनी. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या एका दीक्षाविधीचा, पाहवणार नाही असा चित्रपट त्यांनी निरनिराळ्या प्रेक्षकांना दाखविला. चित्रे तीच, निवेदन वेगळे. वेदनेवर भर देणारे निवेदन ऐकणाऱ्यांच्या त्वचेची विद्युत्‌वाहकता व हृदयाची गती अधिक वाढली, तर मानववंशशास्त्रज्ञाच्या तटस्थ सुरातील निवेदन ऐकणारे तुलनेने शांत राहिले. प्रसंग आणि प्रतिसाद यांच्या दरम्यान मनाचा निवाडा असतो, असा सिद्धान्त त्यांनी यावरून बांधला: हे माझ्यावर बेतणारे आहे काय, आणि असल्यास माझ्या हाती काय आहे? सुसान फोकमन यांच्यासह १९८४ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले, एक समस्येला भिडण्याचा, दुसरा भावना सावरण्याचा. ज्यांच्या बालपणी सायंकाळी 'मनाचे श्लोक' म्हटले जात, त्या मराठी वाचकाला हा विचार चटकन आपला वाटतो, कारण दोनशे पाच श्लोकांतून मनालाच समजावीत राहणारी परंपरा त्याच्या कानांत आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठीत रुजविली, तेव्हा तिला येथे सिद्ध भूमी मिळाली, याचेही एक कारण हेच असावे.

फोकमन यांचे पुढचे काम मला त्या संयुक्त ग्रंथापेक्षाही मोलाचे वाटते. एड्सने मरणासन्न झालेल्या जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोमधील पुरुषांच्या मुलाखती त्या आणि त्यांचे सहकारी घेत होते. तेव्हा या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. मुलाखतीत केवळ क्लेशकारक प्रसंगच विचारले जात. थोड्याच दिवसांत या पुरुषांपैकी काहींनी स्वतःच तक्रार केली की, तुम्ही निम्मीच हकिकत विचारता आहात. मग प्रश्नावली बदलली, आणि उत्तरांत निघाले ते असे: कोणी जोडीदारासाठी एखादा पदार्थ मनापासून रांधला होता, कोणी दोघांनी मिळून सूर्यास्त पाहिला होता. मरण टळणार नव्हते आणि दुःखही ओसरले नव्हते. पण त्याच्या बरोबरीने, त्याच दिवसात, आनंदही नांदत होता आणि तोच त्यांना दुसऱ्या दिवशी उठण्याचे बळ देत होता. ज्यांच्या हाती काहीच उरले नव्हते त्यांनी आपल्या अर्थपूर्ण कर्माचा एक लहानसा प्रांत राखला होता. तोंड देणे या क्रियेचे याहून उंच उदाहरण शास्त्रीय वाङ्मयात मला भेटलेले नाही.

आणि तरीही, ताण हा मनाच्या निवाड्यात आहे, हे उत्तर पुरे पडत नाही. निवाड्यातील दुसरा प्रश्न, 'माझ्या हाती काय आहे?', हा केवळ मनाचा प्रश्न नाही. काहींच्या हाती खरोखरच पुष्कळ असते आणि काहींच्या हाती खरोखरच काही नसते. मोठ्या पदावरच्या माणसाला मोठा ताण, या समजाला १९५८ साली जोसेफ ब्रेडी यांच्या माकडांनी बळ दिले होते: विजेचा धक्का टाळण्याची कळ ज्याच्या हाती, त्या 'अधिकारी' माकडाला व्रण झाले, शेजारच्याला झाले नाहीत. पण कळ शिकण्यात जी माकडे चपळ ठरली त्यांनाच अधिकारी नेमले होते, हा त्या प्रयोगातील दोष पुढे ध्यानात आला. जे वाइस यांनी उंदरांवर नीट वाटणी करून प्रयोग केले, तेव्हा निष्कर्ष उलटला: धक्के दोघांना सारखेच, पण ज्याच्या हाती उपाय होता त्याला व्रण कमी झाले.

हीच गोष्ट माणसांत दिसली ती लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये, ब्रिटिश सरकारच्या मुलकी नोकरांत. १९६७ पासून सुरू झालेल्या त्या पाहणीचे निष्कर्ष मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडले. हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या अंमलदारांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपायांत ३.६ पट होते. आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात धरूनही त्या तफावतीचा मोठा भाग शिल्लक राहत होता. पुढच्या पाहणीत आपल्या कामावर आपला किती ताबा आहे, या घटकाचा त्यात लक्षणीय वाटा दिसला. यांत कोणी अन्नाला मोताद नव्हता, सर्वांना कायम नोकरी आणि निवृत्तिवेतन होते. केवळ हुकूम देणारा कोण आणि झेलणारा कोण, एवढ्या उतरंडीने आयुष्याची लांबी ठरत होती. सरकारी दफ्तर, मामलेदार कचेरी, गिरणी किंवा शाळा ज्याने आतून पाहिली आहे, त्याला हे आकडे परके वाटणार नाहीत.

या ठिकाणी कोणी म्हणेल की, मग ध्यान, प्राणायाम, शिथिलीकरण हे सारे फोल ठरले. मी असे मुळीच मानत नाही. योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासण्याचा उपक्रम स्वामी कुवलयानंदांनी आरंभिला आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याला स्थैर्य दिले. एडमंड जेकबसन यांनी शिकागोत स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्याची पद्धत सिद्ध केली. आणि कॅननच्याच हार्वर्डमधील हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या पुस्तकात दाखविले की, ध्यानात श्वास, नाडी व प्राणवायूचा व्यय मंदावतो, म्हणजे झुंजीच्या सिद्धतेच्या नेमकी उलट अशी एक स्थिती शरीराजवळ उपजत आहे. ज्याला शोक आहे, जुनाट वेदना आहे, न टळणारे दुखणे आहे, त्याच्यासाठी ही विद्या वरदानच होय. माझा आक्षेप तिच्या सरसकट विनियोगाला आहे. चुकीच्या वेळापत्रकाने, अपुऱ्या माणसांनी आणि दाद न लागणाऱ्या वरिष्ठांनी जो ताण निर्माण केला, त्याच्यावर आठवड्यातून एकदा डोळे मिटून बसण्याचा वर्ग हा उतारा म्हणून देणे, म्हणजे क्रेगलॉकहार्टचाच करार पुन्हा करणे होय, आणि तोही रिव्हर्स यांच्या मनाला लागलेल्या टोचणीवाचून.

दुसरी वाट नाही असे नाही. १९७७ साली स्वीडनने केलेल्या कामगारविषयक कायद्यात असे तत्त्व घातले गेले की, कामाची परिस्थिती माणसाच्या शारीरिक आणि मानसिक घडणीस अनुरूप असावी आणि आपल्या कामाच्या रचनेवर कामगाराचा स्वतःचा प्रभाव राहील, असा प्रयत्न व्हावा. दोनच वर्षांनी रॉबर्ट कॅरासेक यांनी अमेरिका व स्वीडन या दोन देशांतील माहिती ताडून मांडले की, मानसिक शीण सर्वाधिक होतो तो जेथे कामाची मागणी जास्त आणि निर्णयाची मोकळीक कमी अशा नोकऱ्यांत. नुसते कष्ट माणसाला तितके मोडीत नाहीत. आपल्याकडे कारखान्याच्या कायद्यात हवा, उजेड, पिण्याचे पाणी आणि यंत्रांभोवतीचे कठडे यांची कलमे आहेत, आणि ती लढून मिळविलेली आहेत. बस चालविणाऱ्याला आपल्या फेऱ्यांच्या वेळा ठरविताना, परिचारिकेला रात्रपाळ्यांची वाटणी करताना, शिक्षकाला वर्गाबाहेरची कामे नाकारताना विचारले जावे, असे कलम त्या कठड्यांच्या शेजारी लिहून घेण्याचे काम अजून बाकी आहे.