गावाचे नाव कोणाचे?

मनुष्याचे नाव त्याचे स्वतःचे असते, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ते ठेवतात दुसरे आणि वापरतातही दुसरेच. त्या नावास काळिमा लागू न देणे, एवढेच काय ते आपल्या वाट्यास येते. गावाच्या नावाची गोष्ट याहूनही अवघड आहे. ते कोणा एकाचे नसते, आणि तरीही बाजारात त्याला किंमत येते. ही किंमत घेण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या अधिकाराबरोबर कोणते कर्तव्य येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने निघालेला उतारू रेवसला उतरला, की अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकावर पाय ठेवतो. रेवस हे नाव मुंबईकरांच्या ओठी रुळले ते या जलमार्गामुळे. आणि १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली, त्यानंतर कित्येक घरांत ते नाव दबल्या आवाजात उच्चारले जाऊ लागले. आपल्या नावाशी काय जोडले जावे हे गावाच्या हाती नेहमीच असते असे नाही. पण याच तालुक्यात एक नाव असे आहे की, ते लोकांनी आपल्या कष्टाने कमावले आहे. भाताचे पीक निघाल्यावर कार्ले, खंडाळे आदी गावांतून पांढरा कांदा लावतात. चवीला गोडसर असा हा कांदा पातीसकट विणून त्याच्या माळा करतात, आणि मुंबईकर पाहुणा परतताना एक-दोन माळा बरोबर नेतो. तो पैसे मोजतो ते केवळ कांद्याचे नव्हेत. 'अलिबाग' या शब्दाचेही मोजतो.

जेथे शब्दाला किंमत आली तेथे शब्दाची चोरीही आलीच. परठिकाणचा पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपविला जातो, ही इकडची तक्रार जुनी आहे. आता १९९९ च्या कायद्यान्वये या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळाले असून, ते नाव इतरांनी वापरू नये असा कायदेशीर आधार उत्पादकांच्या हाती आला आहे. हे योग्यच झाले. तथापि कायद्याने नावाभोवती कुंपण घातले एवढ्याने प्रश्न सुटला काय?

या बाबतीत इटलीतील एका खेड्याची हकीकत मननीय आहे. त्या देशाच्या वायव्येस पीडमाँट प्रांतात, तानारो नदीच्या काठच्या टेकडीवर बार्बारेस्को नावाचे गाव आहे. एक जुना बुरूज, एक चर्च आणि उतारावर द्राक्षांचे मळे. लोकवस्ती हजाराच्याही आत. तेथील द्राक्षांपासून होणारे मद्य आज जगभर नावाजले जाते. मद्यपान स्तुत्य की निंद्य हा वाद येथे प्रस्तुत नाही. आपणांस त्या गावाची वागणूक पाहावयाची आहे. १८९४ पूर्वी या गावची द्राक्षे शेजारच्या प्रसिद्ध बारोलो मद्यासाठी विकली जात. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, असा तो व्यवहार होता. त्या वर्षी आल्बा येथील द्राक्षविद्येच्या शाळेचे प्रमुख दोमित्सिओ काव्वात्सा यांनी नऊ मळेवाल्यांस एकत्र करून गावाच्या नावाने सहकारी मद्यशाळा काढली. पुढे फॅसिस्ट राजवटीच्या आर्थिक धोरणांत ती बंद पडली. १९५८ मध्ये गावच्या धर्मगुरूने एकोणीस लहान शेतकऱ्यांस पुन्हा एकत्र आणले, आणि पहिल्या तीन हंगामांचे मद्य चर्चच्या तळघरात तयार झाले.

या संस्थेचे दोन नियम विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. मद्यासाठी लागणाऱ्या नेब्बिओलो जातीची आपली सर्व द्राक्षे सभासदाने संस्थेलाच द्यावीत. चांगली निवडून बाहेर विकावीत आणि उरलेली संस्थेच्या गळ्यात घालावीत, असे चालत नाही. हा पहिला. दुसरा असा की, हंगाम उत्तम साधला तरच एकेका नामांकित मळ्याच्या नावाने स्वतंत्र मद्य काढावयाचे. साधला नाही तर सारी द्राक्षे एकत्र करून गावाच्या साध्या नावाने विकावयाचे. मळ्याच्या नावाने अधिक दाम मिळाले असते, घेणाऱ्यास कदाचित फरकही कळला नसता. तरीही ते अशा वर्षी हे दाम सोडतात. दुसऱ्याने आपले नाव वापरू नये असे सांगणे सोपे आहे. आपणच आपले नाव अमुक वर्षी वापरणार नाही असे म्हणणे कठीण आहे. नावावरील नैतिक हक्क सिद्ध होतो तो या दुसऱ्या गोष्टीने.

यावर एक आक्षेप असा येईल की, नावाची मालकी ही मुळातच कृत्रिम आहे. हापूस हे आपल्या कोकणचे भूषण. परंतु तो शब्द आला पोर्तुगीज आल्बुकर्कच्या आफोन्सो या नावावरून. इटलीच्या फ्रिउली भागातील शेतकरी आपल्या मद्यास पिढ्यान्‌पिढ्या 'तोकाई' म्हणत आले. हंगेरीतील तोकाय गावाच्या हक्कापुढे त्यांना २००७ मध्ये ते नाव सोडावे लागले. त्यांनी ते चोरले होते असे कोण म्हणेल? शिवाय सीमारेषेच्या अलीकडचा शेतकरी अस्सल आणि पलीकडचा नकली, असे माती थोडेच सांगते?

या आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. सीमारेषा माणसे आखतात, आणि आखताना कोणावर तरी अन्याय होण्याचा संभव असतो. परंतु यावरून नावाचा हक्कच खोटा ठरत नाही. तो सशर्त ठरतो, इतकेच. नाव ही मिळकत मानली तर तिच्या प्रत्येक सीमेवर भांडण अटळ आहे. ती ठेव मानली, म्हणजे मागच्यांनी कमावलेली व पुढच्यांस द्यावयाची वस्तू मानली, तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. मग 'हे नाव कोणाचे?' असे न विचारता 'या नावाची जबाबदारी कोण घेतो?' असे विचारावे लागते.

ही जबाबदारी किती एकजिनसी असते, हे १९८६ मध्ये त्याच पीडमाँटमध्ये दिसून आले. काही व्यापाऱ्यांनी स्वस्त मद्यात मिथेनॉल हे विष मिसळले. वीसाहून अधिक माणसे मेली, कित्येकांची दृष्टी गेली, आणि इटलीच्या साऱ्या मद्याचीच पत परदेशांत ढासळली. ज्यांनी थेंबभर भेसळ केली नव्हती त्यांनाही शिक्षा भोगावी लागली. नावाचा लाभ सर्वांना होतो, तसा कलंकही सर्वांनाच लागतो.

आता अलिबागकडे वळू. येथे खरी अडचण वेगळीच आहे. ज्याचे पीक अवकाळी पावसाने निम्मे झाले, ज्याच्या घरी लग्न आहे, सावकाराचा तगादा आहे, त्याने आपल्या माळांत बाहेरचे चार कांदे विणले, तर त्यास नीतीचा उपदेश करणारे आपण कोण? महिन्याच्या महिन्यास पगार घेणाऱ्यास सचोटी स्वस्त पडते. म्हणूनच एकट्या शेतकऱ्याच्या सद्गुणावर गावाचे नाव सोपविणे हे अन्यायाचेही आहे आणि अविचाराचेही. बार्बारेस्कोच्या एकोणीस जणांनी केले ते एवढेच की, सचोटीचा खर्च सर्वांत वाटून घेतला. वाईट वर्षाचा तोटा एकाच्या चुलीवर न येता सर्वांच्या ताटांत थोडाथोडा पडला.

असे एकमेकांस बांधून घेणे या तालुक्यास अपरिचित नाही. चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला, आणि खारेपाटातील शेतकऱ्यांनी सुमारे सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. उपासमार सोसली, पण शब्द मोडला नाही. तो निर्धार परक्याच्या लोभाविरुद्ध होता. आज जो हवा आहे तो काही अंशी स्वतःच्याच मोहाविरुद्ध आहे. म्हणून तो अधिक कठीण आहे.

मोहाचे रूपही आता बदलले आहे. मुंबईकरांस या किनाऱ्यावर बंगले हवे आहेत, आणि जमिनीस जो भाव येतो तो कांद्याच्या कितीही माळांनी भरून निघणार नाही. जमीन विकणारास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. मात्र शेते गेल्यावर मानांकनाचा कागद तेवढा उरेल, आणि तो बाळगणाऱ्यांजवळ विकण्यास कांदाच नसेल. माळ विकत घेणाऱ्या आम्हां शहरवासीयांचाही यात वाटा आहे. अस्सल मालास अस्सल दाम देताना कुरकुर करावयाची आणि पुढे त्याच शेतात बंगला बांधावयाचा, हे दोन्ही करणाऱ्याने गावाचे नाव बुडाल्याची हळहळ तरी करू नये.