भाड्यात काय काय येतं?

भाडं दिल्यावर प्रवासी ड्रायव्हरचं आणखी काही देणं लागतो का? चार वर्षं पुण्यात ॲपवरची टॅक्सी चालवतोय, आणि हा प्रश्न सिग्नलला थांबलो की डोक्यात येतो.

'नाही' म्हणणाऱ्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती बरीचशी मला पटते. गाडी बुक केली, पैसे दिले, व्यवहार संपला. हिंजवडीत दिवसभर मीटिंगा करून आलेल्या माणसाला विमाननगरपर्यंत डोळे मिटून बसायचं असेल, तर तो त्याचा हक्क आहे. रात्री साडेअकराला एकटी मुलगी बसते, ट्रिप घरी शेअर करते आणि पूर्ण वेळ मॅपवर नजर ठेवते. यात माझा अपमान नाही. ती मला ओळखत नाही, आणि सावध राहणं तिला अनुभवाने शिकवलंय. तिने माझ्याशी गप्पा माराव्यात असं तिच्यावर कुठलंच बंधन नाही.

म्हणजे गप्प बसणं हा मुद्दाच नाही. मुद्दा आहे तो गाडीत दुसरा माणूस आहे हे विसरण्याचा. मागच्या सीटवर लोक नवरा-बायकोची भांडणं, पगाराचे आकडे, कार्डाचा नंबर, वर बँकेचा ओटीपीसुद्धा मोठ्याने बोलतात. याला विश्वास म्हणावं का? विश्वास ठेवायलाही समोर कुणीतरी आहे हे आधी लक्षात यावं लागतं. इथे स्टिअरिंग, आरसा आणि मी, तिघेही गाडीचेच भाग.

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने 1785 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात म्हटलंय की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. त्यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. घरी पोचायला प्रवासी मला वापरतो, गाडीचा हप्ता भरायला मी त्याला वापरतो. त्यात वाईट काही नाही. या वापरापलीकडे समोरच्याचं काही उरतच नाही असं वागलो, की चूक सुरू होते. आणि हे माप आम्हालाही लागू आहे. फोनवर 'ड्रॉप कुठे? कॅश की ऑनलाइन?' विचारून भर पावसात ट्रिप रद्द करणाऱ्या ड्रायव्हरलाही पलीकडे माणूस दिसत नाही, फक्त भाडं दिसतं. परतीची गाडी रिकामी येईल ही त्याची भीती खरी असते, पण ती भिजणाऱ्याला कळणार कशी?

'दादा, दोनच मिनिटं' हे घ्या. वॉचमन गेटसमोर गाडी उभी करू देत नाही, मागून हॉर्न वाजतात, आणि दोनाची आठ मिनिटं होतात. वेटिंगचे पैसे लागले तर वेळेची थोडीफार भरपाई होते. पण दार उघडून 'सॉरी, उशीर झाला' म्हणणारा माणूस पैशांनी न होणारं काम करतो. ती आठ मिनिटं कुणाच्या तरी दिवसातली होती, हे तो मान्य करतो.

मग रेटिंग कशासाठी आहे, असं कुणी म्हणेल. रेटिंग दोन्ही बाजूंनी असतं, पण भार सारखा नसतो. माझे तारे घसरले तर माझ्या कामावर गदा येऊ शकते. प्रवाशाचे घसरले तर बहुतेकदा त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून माझ्या 'गुड मॉर्निंग सर'मध्ये आपुलकी किती आणि धास्ती किती, हे प्रवाशाला कधीच कळू शकत नाही. कधी कधी मलाही कळत नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही चांगलं वागलात तर त्यामागे सक्ती नसते, आणि म्हणून तो शब्द आमच्यापर्यंत खरा पोचतो.

तेव्हा माझं उत्तर असं: आपुलकी भाड्यात येत नाही, ती मागायचा मला हक्क नाही. दखल मात्र देणं लागते. ओटीपी सांगताना क्षणभर वर बघणं, फोन सुरू करण्याआधी 'जरा बोलतो हं' म्हणणं, उतरताना दार न आपटणं, एवढीच ती असते. त्यानंतर पूर्ण रस्ताभर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, तरी मला चालेल. मलाही दिवसभरात थोडी शांतता हवीच असते.